वॉरंटी संपल्यावर ई-बाईकच्या मोटारीची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटारी भरण्यात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्यात, आमच्या घरातल्या दोन पिढ्या गेल्या. आता त्याच टेबलावर ई-बाईकची चाकं येतात. येणाऱ्या माणसाचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं, ‘वॉरंटी संपली, मोटार गेली, नवीन टाका म्हणतात.’ त्यातल्या बऱ्याच मोटारी गेलेल्या नसतात, आणि ज्या खरंच गेलेल्या असतात त्यातल्याही पुष्कळ भरून मिळतात. फोनवर रोज जे विचारलं जातं त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. गाडी उघडण्याआधी आणि पैसे मोजण्याआधी वाचावीत एवढीच विनंती.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मोटार बदलावी लागेल. खरंच बदलायची का?

तपासल्याशिवाय नाही. गाडी जागेवरून हलत नाही, याला कारण मोटार असेल, मोटारीला करंट सोडणारा कंट्रोलर असेल, ॲक्सिलरेटर असेल, बॅटरी असेल किंवा या सगळ्यांना जोडणारं एखादं कनेक्टर असेल. ब्रेकच्या लिव्हरमधला बारीक स्विच दाबलेला राहिला तरी कंट्रोलर मोटारीला करंट देत नाही, आणि गाडी मेल्यासारखी उभी राहते.

सेंटरची अडचणही खरी असते. त्यांच्याकडे मोटार उघडायची सोय नसते. कंपनीकडून सुटा सेन्सर किंवा सुटं बेअरिंग येत नाही, अख्खी मोटार येते. म्हणून ते अख्खी मोटारच सांगतात. वॉरंटीत असताना ते ठीक होतं, आता तो खर्च तुमचा आहे.

गेल्या पावसाळ्यात शिरोळ भागातल्या एक ताई आल्या. गाडीवरून दूध घालतात. हातात नव्या मोटारीचं कोटेशन होतं, आणि गाडी चालू केली की जागेवर थरथरायची, पुढे जायची नाही. सीटखालचं कव्हर काढलं. मोटारीच्या तीन जाड वायरी कंट्रोलरला जिथे नटानं आवळतात, तिथे निळ्या वायरीची थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, काळी पडली होती आणि भोवतीचं प्लास्टिक वितळून पिवळं झालं होतं. नट सैल राहिला, तिथे ठिणगी पडत राहिली, शेवटी जोड सुटला. वायर दोन बोटं मागे कापली, नवीन थिंबल दाबून बसवली, नट आवळला. मोटार उघडावीच लागली नाही. त्या बाईंनी नवीन मोटारीसाठी भिशीचे पैसे उचलायचं ठरवलं होतं, हे त्यांनी जाताना सांगितलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, आधी जोड बघा, मग मोटारीचं बोला.

माझ्या गाडीत कोणत्या प्रकारची मोटार आहे हे कसं ओळखू?

मागच्या चाकाच्या मधोमध जाड, चपटा डबा असेल, चेन नाही, पट्टा नाही, तर ती हब मोटार. कमी वेगाच्या बहुतेक स्कूटरांत हीच असते, टीव्हीएस आयक्यूबसारख्या मोठ्या गाडीतही हबच आहे. एथरच्या गाडीत मोटार वेगळी बसवलेली असते आणि पट्ट्यानं चाक फिरवते. ई-सायकलचा हब लहान असेल आणि चाक मागे फिरवताना जड लागून पुढे हलकं फिरत असेल, तर आत गिअर आहेत. पायडलच्या जागी बसवलेली मोटार असेल तर तिच्यात गिअर, सेन्सर आणि कंट्रोलर एकाच डब्यात असतात. ती उघडणं हे वेगळं आणि नाजूक काम आहे.

पुढची उत्तरं मुख्यतः हब मोटारीला धरून आहेत, कारण आपल्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्या बहुतेक त्याच.

घरी काही तपासता येईल का?

येईल, आणि तपासाच. मेन स्टँडवर गाडी घ्या, मागचं चाक अधांतरी राहिलं पाहिजे. चावी बंद करा आणि सीटखालचा एमसीबी, म्हणजे बॅटरीचा मेन स्विच, पाडा. नुसती चावी बंद करून भागत नाही, बॅटरीचा जाड पुरवठा कंट्रोलरपर्यंत तसाच असतो.

आता चाक हातानं फिरवा. अडखळत, जड फिरत असेल तर पिवळी, हिरवी आणि निळी या तिन्ही जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा. तिन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. पुन्हा फिरवा. चाक मोकळं झालं, तर दोष कंट्रोलरमध्ये आहे, आतले मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालेत. वायरी सुट्या असूनही अडखळतच असेल, तर मोटारीच्या आत किंवा ॲक्सलमधून येणाऱ्या केबलमध्ये शॉर्ट आहे.

चाक मोकळं फिरत असेल तर पुढची पायरी. पिवळी आणि हिरवी टोकं एकमेकांना टेकवून चाक फिरवा. चाक दात लागल्यासारखं अडत अडत फिरेल. तसं ते अडलंच पाहिजे. मग हिरवी-निळी, मग पिवळी-निळी. तिन्ही जोड्यांत सारखंच जड लागलं तर वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, बहुतेक शाबूत आहे. दोन जोड्यांत चाक मोकळंच फिरलं, तर त्या दोन्ही जोड्यांत जी वायर होती ती कुठेतरी तुटली आहे. गिअर असलेल्या हबमध्ये ही तपासणी चाक मागे फिरवून करायची, पुढे फिरवलं तर आतला क्लच सुटतो आणि काहीच कळत नाही.

एवढं झालं की मल्टीमीटर ओहमवर लावून एक टोक जाड वायरीला आणि दुसरं ॲक्सलच्या घासलेल्या, चकचकीत धातूला लावा. काहीही रीडिंग येता कामा नये. आलं तर वाइंडिंग बॉडीला लागली आहे. दोन जाड वायरींमधला ओहम मात्र साध्या मीटरवर मोजत बसू नका. तो इतका कमी असतो की चांगली मोटारही शॉर्ट दाखवेल, आणि कितीतरी चांगल्या मोटारी याच रीडिंगवर ‘जळाली’ म्हणून भंगारात गेल्या आहेत.

गाडी झटके मारते, कधी चालते कधी नाही. कधी हातानं ढकललं की निघते. हे काय?

ही लक्षणं बहुतेक हॉल सेन्सरची. मोटारीच्या आत स्टेटरवर, म्हणजे न फिरणाऱ्या भागावर, तीन बारीक सेन्सर बसवलेले असतात, तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. समोरून कोणतं चुंबक चाललंय हे ते कंट्रोलरला सांगतात, आणि त्यावरून कंट्रोलर कोणत्या कॉइलला करंट द्यायचा ते ठरवतो. एक सेन्सर गप्प झाला की कंट्रोलरला चाक नेमकं कुठे आहे ते कळत नाही. ढकलून दिलं की काही कंट्रोलर अंदाजानं सांभाळून घेतात, म्हणून गाडी निघते.

मोटारीतून पाच बारीक वायरींचं एक कनेक्टर येतं. लाल पुरवठ्याची, काळी अर्थची आणि पिवळी, हिरवी, निळी सेन्सरच्या. कधी सहावी पांढरी असते, ती तापमानाची किंवा वेगाची. तपासताना जाड वायरी सुट्या ठेवा, प्रत्येकीचं टोक वेगळं टेपनं गुंडाळा, म्हणजे ॲक्सिलरेटर चुकून फिरला तरी चाक उसळणार नाही. एमसीबी आणि चावी चालू करा, मीटर डीसी २० व्होल्टवर घ्या. काळी टोचणी काळ्या वायरीला. लाल वायरीवर ५ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. नसेल तर सेन्सरला दोष देण्याआधी कंट्रोलर आणि वायर बघा. असेल, तर लाल टोचणी एकेका सेन्सरच्या वायरीत मागच्या बाजूनं खुपसा आणि चाक अगदी हळू फिरवा. रीडिंग शून्याच्या जवळ, मग ५ च्या जवळ, पुन्हा शून्य असं उलटसुलट व्हायला हवं. एखादं एकाच आकड्यावर बसून राहिलं की तो सेन्सर गेला.

सेन्सरची किंमत फार नसते, पैसे लागतात ते मोटार उघडण्याच्या कामाचे. म्हणून एक गेला तरी तिन्ही बदलून घ्या. एकाच उष्णतेत आणि एकाच पाण्यात तिघेही राहिलेले असतात. नवीन सेन्सरचं तोंड जुन्याच्याच बाजूला यायला हवं, उलटं बसलं तर गाडी पुन्हा झटके मारणार. आणि सेन्सर का गेला हे शोधल्याशिवाय कव्हर बंद करू देऊ नका. ॲक्सलच्या आत जाड वायरीचं आवरण वितळून बारीक वायरींना लागलेलं असतं, पाच व्होल्टच्या सेन्सरवर अख्ख्या बॅटरीचं व्होल्टेज येतं. ते तसंच ठेवलं तर नवे सेन्सरही आठवड्यात जातील.

पावसात गाडी बंद पडली. मोटारीत पाणी गेलं असेल का?

शक्यता मोठी आहे. पाणी जातं कसं ते समजून घेतलं तर पुढचा पावसाळा वाचेल. चालून चालून मोटार गरम होते, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. अशी गरम मोटार साचलेल्या पाण्यात बुडाली की आतली हवा झटकन आकसते, आणि बेअरिंगच्या सीलमधून, केबलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं. पंचगंगेला पाणी आलं की आमच्याकडे अशा गाड्यांची रांग लागते. दुसरं कारण वॉशिंग सेंटर. प्रेशरचा पाइप सरळ हबवर धरला की कोणतंही सील टिकत नाही.

पाणी गेल्याचा संशय असेल तर ‘वाळेल आपोआप’ म्हणून गाडी चालवत राहू नका. आत लोखंडी पत्र्यांचा स्टेटर आहे, चुंबकं आहेत, त्यांच्यातली फट अगदी बारीक असते. गंज चढला की तो त्या फटीत घासतो आणि वाइंडिंगच्या तारेवरचा एनॅमलचा लेप सोलून काढतो. आठ दिवसांत उघडलेली मोटार पुसून, वाळवून, वॉर्निश देऊन नव्यासारखी होते. तीच मोटार दिवाळीनंतर आणली तर खरवडायलाच अर्धा दिवस जातो, आणि आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

बंद करताना कव्हरला आणि केबलच्या तोंडाला सिलिकॉन भरून घ्या. केबल ॲक्सलमधून निघाल्यावर आधी खाली वाकून मग वर गेली पाहिजे, म्हणजे थेंब त्या वळणावरून खाली गळतात, केबलच्या अंगानं मोटारीत जात नाहीत. फक्त एक टाय लावायचा असतो, पण हे काम मी फार कमी गाड्यांवर केलेलं पाहिलंय.

मोटार आवाज करते. चालवत राहिलं तर चालेल?

वेगाबरोबर वाढणारा घरघर आवाज बेअरिंगचा. बेअरिंग साध्या मापाची असतात, नंबर कडेला कोरलेला असतो, चांगल्या कंपनीची आणि दोन्ही बाजूंनी रबर सील असलेली घ्या. लवकर बदलली तर स्वस्तात सुटाल. बेअरिंगला जास्त खेळ आला की चुंबकं स्टेटरला घासतात. गिअर असलेल्या सायकलच्या हबमधून किरकिर येत असेल किंवा मोटार फिरते पण चाक ओढत नसेल, तर नायलॉनचे गिअर झिजलेत किंवा क्लच गेलाय. चाकाच्या फेरीत एकदाच ‘टक’ वाजत असेल तर एखादं चुंबक सुटलं असण्याची शक्यता आहे. त्या दिवशीच थांबवा.

मोटार खरंच जळाली आहे. भरता येते का?

येते. शेतातल्या पंपाची मोटार भरून घेणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी, पण कंपनीनं ‘ही मोटार रिपेअर होत नाही’ असं सांगितलं की लोक विश्वास ठेवतात. तांब्याची तार, पत्र्यांचा स्टेटर, कागद आणि वॉर्निश, यापलीकडे तिथे काही गूढ नाही.

फरक मात्र आहे, आणि तो कारागिराला माहीत असला पाहिजे. मागाची किंवा पंपाची मोटार जास्त व्होल्टेजवर चालते, तिथे तार बारीक आणि वेढे पुष्कळ. ई-बाईकच्या मोटारीला ४८ किंवा ६० व्होल्ट मिळतात आणि करंट भरपूर लागतो. म्हणून स्टेटरच्या एकेका दातावर मोजके वेढे असतात, पण प्रत्येक वेढ्यात कितीतरी बारीक तारा एकत्र घेतलेल्या असतात. स्कूटरच्या हबमध्ये २७ दात आणि ३० चुंबकं ही जोडी नेहमी दिसते. कोणत्या दातावर तार उजवीकडून, कोणत्यावर डावीकडून, तारा किती, वेढे किती, हे जुनी वाइंडिंग कापण्याआधी वहीत उतरवायचं आणि फोटो काढून ठेवायचे. वेढा एक कमी झाला तर गाडी मोकळी पळते जास्त, पण तेवढ्याच ओढीला करंट जास्त खाते, गरम होते, आणि वर्षाच्या आत परत येते.

दोन गोष्टी कारागिराला आधीच सांगा. जुनी वाइंडिंग काढायला स्टेटरवर गॅसची ज्योत मारायची नाही. पत्र्यांच्या मधला इन्सुलेशनचा थर जळतो आणि नंतर कितीही चांगली भरली तरी मोटार तापतच राहते. आणि तार १८० अंश सोसणारी हवी, वॉर्निश भट्टीत भाजलेलं हवं. उन्हात वाळवलेलं वॉर्निश वरून कडक आणि आतून ओलं राहतं.

भरायचा खर्च नव्या मोटारीच्या निम्म्याच्या वर जात असेल, आणि चुंबकंही अशक्त झाली असतील, तर मी स्वतः नवीन घ्या असं सांगतो.

चुंबकं अशक्त होतात म्हणजे काय?

हबमधली चुंबकं निओडिमियमची. साध्या दर्जाचं निओडिमियम ८० अंशांच्या वर शक्ती गमवायला लागतं, आणि थंड झाल्यावर ती सगळी परत येत नाही. दोघं-तिघं बसून जोतिबाच्या घाटात गाडी दामटली की आत काय होत असेल याचा अंदाज करा. अशी मोटार सपाटीला मोकळी पळते, चढाला दम सोडते आणि बॅटरी लवकर संपवते. जास्त तापमान सोसणाऱ्या चुंबकांत डिस्प्रोसियम, टर्बियम घालतात, आणि एप्रिल २०२५ पासून चीननं त्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे. चांगल्या चुंबकांची जुनी रिंग म्हणूनच भंगारात देऊ नका, ती कुणाच्या तरी मोटारीला उपयोगी पडते.

दुरुस्तीऐवजी जास्त वॅटची मोटार टाकली तर?

आम्ही टाकत नाही. मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, या अटींवरच तुमच्या कमी वेगाच्या गाडीला नोंदणी आणि लायसनची सक्ती नाही. मोठी मोटार किंवा वेग वाढवणारा कंट्रोलर बसवला की ती सवलत गेली, आणि बिनविम्याच्या, बिननोंदणीच्या मोटारसायकलवर तुम्ही फिरताय असा अर्थ होतो. राज्यात २०२२ साली परिवहन विभागानं अशा बदललेल्या गाड्यांवर मोहीमच काढली होती. घरातली मुलगी ती गाडी घेऊन कॉलेजला जाते, एवढं लक्षात ठेवा.

मोठ्या कंपनीच्या स्कूटरची मोटार बाहेर दुरुस्त होते का?

बेअरिंग, सील, वाइंडिंग होते. पण कंट्रोलर आणि मोटार एकमेकांना सॉफ्टवेअरनं जुळवलेली असतील तर पार्ट बदलल्यावर सेंटरच्या लॅपटॉपशिवाय गाडी चालू होत नाही. अशा गाडीत मूळ मोटार जपण्याला आणखी महत्त्व.

वॉरंटी संपली म्हणजे कंपनीकडे काहीच मागता येत नाही का?

आधी कार्ड नीट वाचा. गाडीची, बॅटरीची, मोटारीची आणि कंट्रोलरची मुदत वेगवेगळी असू शकते. वॉरंटीत असतानाच तक्रार केली होती आणि टाळाटाळ करत मुदत संपवली असेल, तर तुमची बाजू मजबूत आहे. फक्त ती तक्रार तोंडी नको. जॉब कार्ड, मेसेज, ईमेल, काहीतरी तारखेसह हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं, आणि वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचं क्षेत्रही आहे. मला स्वतःला वाटतं की प्रत्येक ई-बाईकच्या कंपनीनं सेन्सर, बेअरिंग आणि सील सुटे विकलेच पाहिजेत. पंपाच्या मोटारीचे पार्ट तालुक्याच्या बाजारात मिळतात, मग गाडीचे का मिळू नयेत?

कारागीर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

मीटर हातात न घेता ‘मोटार गेली’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. मोटार तुमच्यासमोर उघडायला तयार आहे का, काढलेले पार्ट परत देतो का, बिलावर नेमकं काय बदललं ते लिहितो का, हे विचारा. उघडताना कव्हर आणि डब्यावर खुणेची रेघ मारणारा आणि पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, वापरणारा माणूस काम शिकलेला असतो. चुंबकाची ओढ इतकी असते की स्टेटर हातानं ओढताना बोटं चेचतात. माझ्या वडिलांच्या अंगठ्याचं नख पहिल्याच हबनं गेलं, म्हणून घरी यूट्यूब बघून उघडायच्या बेतात असलेल्या मुलांना माझं सांगणं, वायरींची तपासणी जरूर करा, कव्हर उघडू नका.

लांबून मोटार पाठवली तर चालेल का?

चालेल. टायर आणि ट्यूब काढून हब किंवा रिमसकट चाक पाठवा. बॅटरी अजिबात पाठवू नका, कुरिअरमध्ये ती धोक्याची वस्तू आहे आणि मोटारीच्या कामाला लागतही नाही. ॲक्सलचे नट आणि वॉशर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं दोरीत ओवून बांधा. त्यात एक चपटी, कानाची वॉशर असते, ती ॲक्सलला जागेवर फिरू देत नाही. ती हरवली आणि साध्या वॉशरवर नट आवळला, तर ॲक्सल गरकन फिरतो आणि केबल मुळापासून तुटते. केबलचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ॲक्सलला बांधा, मोकळं लोंबकळत ठेवू नका. सोबत एका कागदावर बॅटरीचे व्होल्ट, गाडी नेमकी कधी आणि कशी बंद पडली, त्या दिवशी पाऊस होता का, आणि त्याआधी कुणी मोटार उघडली होती का, एवढं लिहा.